भंडारा लागलेला प्लाय

ओट्याखालच्या कपाटाचं दार बिजागरीसकट माझ्या हातात आलं, तेव्हा मी हाक मारली नाही, सरळ ओरडले. आमचे नानासाहेब पेपर हातात घेऊनच धावत आले. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "निघालं का?" आता हातात दार धरून उभ्या असलेल्या बायकोला 'निघालं का' असं विचारणाऱ्या माणसाला काय बोलणार? मी दार भिंतीला टेकवलं आणि चहा ठेवला.

दार कसलं, नुसता भुसा होता. आमच्या गारखेड्यात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. आलं की घरात लग्नघाई. टाकी, पिंप, कळश्या, बादल्या, तपेली, जे रिकामं दिसेल ते भरून घ्यायचं. त्या दिवशी ओट्यापासून मोरीपर्यंत पाणीच पाणी. आधीच्या मिस्त्रीनं "काकू, एकदम टकाटक" म्हणून जे लाकूड लावलं होतं, ते लाकूड नव्हतंच मुळी. दाबलेला भुसा आणि वरून चकचकीत कागद. पाणी पिऊन पिऊन फुगलं आणि शेवटी पुरणासारखं मऊ झालं. त्या मिस्त्रीचा फोन तर केव्हाचा बंद.

मग शेजारच्या संध्यानं एक नंबर दिला. तिच्या बहिणीकडं कुणीतरी कपाट बसवलं होतं, हात चांगला आहे म्हणाली. फोन एका बाईनं उचलला. मी म्हटलं, "मिस्त्रीला उद्या सकाळी पाठवून दे." ती म्हणाली, "बरं काकू."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात पस्तिशीची एक बाई उभी. साडीवर पुरुषाचा शर्ट, खांद्याला ड्रिल मशीनची पिशवी, कानामागं पेन्सिल. मी तिच्या खांद्यावरून जिन्याकडं बघत विचारलं, "मिस्त्री कुठंय?"

"मीच," ती म्हणाली. "चप्पल बाहेर काढू का आत?"

ती रत्नमाला.

ती मापं घेत होती आणि मी तिच्या मागं मागं फिरत होते. माझा स्वभावच तसा. आपल्या घरात कुणी टेप लावून मापं घ्यायला लागलं की मला एका जागी बसवत नाही. पण ती वैतागली नाही. मी विचारत गेले, ती सांगत गेली, टेपवरून नजर न काढता.

माहेर खुलताबादच्या पलीकडं. घरात मेंढरं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून गंगथडीला, गोदावरीच्या काठाला जायचं आणि पाऊस पडायच्या सुमाराला परत फिरायचं. त्यामुळं शाळा तुटक तुटक, सातवीपर्यंत. तिचा बाप मुंजाबा. त्यांच्या भागात म्हणे त्याच्या नजरेला मोठा मान. बाजारात कुणाला एडका घ्यायचा असला की लोक मुंजाबाला सोबत नेत. तो जनावराच्या पाठीवर पंजा दाबायचा, दात बघायचा, कान धरायचा आणि एकच शब्द बोलायचा, 'घ्या' नाहीतर 'चला'.

लग्न पडेगावात झालं. नवरा अजिनाथ सुतारकाम शिकलेला. सुरुवातीला रत्नमाला नुसती फळीचं दुसरं टोक धरायची. मग घासायला लागली, मग कापायला, मग सनमायका चिकटवायला. "ह्यांनी मला शिकवलं असं नाय काकू," ती म्हणाली, "ह्यांना दुसरं माणूस परवडत नव्हतं." आणि हसली. पुढं लाकडाचा भुसा अजिनाथच्या छातीत बसला. जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, हे काम सोडा. आता तो बजाजनगरात एका कंपनीच्या गेटवर बसतो. हत्यारं घरी राहिली, आणि रत्नमालानं त्यांना गंज चढू दिला नाही.

बापाला ते अजिबात पटलं नाही. "धनगराच्या पोरीनं करवत धरायची? आन् ती बी लोकांच्या घरात जाऊन?" असं म्हणून मुंजाबानं पडेगावला येणंच सोडलं. मेंढरं त्याच रस्त्यानं जायची, पण हा माणूस लेकीच्या घराकडं मान वळवायचा नाही.

"मग आता?" मी विचारलं.

तिनं टेप खटकन आत सोडला. "आतापर्यंत फळ्या ठोकल्या, एखाद-दुसरं कपाट बसवलं. अख्खं किचन पहिल्यांदाच करतेय, काकू. बजाजनगरात पॅकिंगला नाव देऊन ठेवलंय. एक तारखेला बोलावलंय. हे किचन धड उभं राहिलं तर नाय जाणार. संध्याताईंचं काम मिळंल, तसं त्यांच्या बहिणीनं सांगितलंय, आन् त्या बहिणीच्या ओळखीतली अजून दोन घरं आहेत. नाय राहिलं तर हत्यारं विकून टाकीन. सारखं 'मिस्त्री कुठंय' ऐकून कान किटलेत माझे."

तेच मी पण दारात विचारलं होतं, म्हणून मी तिच्यासाठी चहा ठेवला.

प्लाय घ्यायला मी सोबत जाणारच होते. एकदा दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. पण रिक्षात अजून एक जण बसलेला निघाला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, पाय वर घेऊन सीटवर मांडी घातलेली.

"हे आबा," रत्नमाला म्हणाली. "मेंढरं पडेगावाजवळच्या शेतात बसवलीत ना, तर काल घरी आले. म्हणले, मी बी येतो, बघतो काय करती ते."

हेच तिनं मला रिक्षात पुन्हा दोनदा सांगितलं. आनंद झाला की माणसाला आपण काय सांगितलं ते आठवत नाही. म्हातारा मात्र बाहेर बघत बसला होता, जणू आमची त्याची ओळखच नाही.

जालना रोडवरचं ते नवं दुकान म्हणजे काय सांगू! नळ, फरशा, दिवे, रंग, सगळं एका छताखाली. आत एसी. मुंजाबानं दारात पायातले जोडे काढून हातात घेतले. अतुल नावाचा तिथला सेल्समन पुढं आला. तिशीतला असेल, गोड बोलणारा. आम्हाला घेऊन थेट मागच्या गोदामात गेला आणि एका थप्पीवर थाप मारून म्हणाला, "ताई, हा घ्या. अस्सल हार्डवुड. वॉटरप्रूफचा सातशे दहाचा शिक्का आहे, हा बघा. पाण्यात राहिला तरी काही होत नाही."

"शिक्का दिसला भाऊ," रत्नमाला म्हणाली. "शिक्का वरती असतोय, प्लाय आत असतोय. जरा आतलं बघू द्या."

आणि मग ती जी खाली बसली! पदर खोचून, मांडी घालून, शीटच्या कडेला नाक लावून. मला म्हणाली, "काकू, या इकडं. कड बघा. हे थर दिसतात का? एक आडवा, एक उभा, एक आडवा. सगळे सारख्या जाडीचे पाहिजेत. इथं बघा, दोन थरांच्या मधी काळी फट. म्हणजे आत पोकळ. इथं स्क्रू मारला की तो धरणार नाय."

मग एक डोळा मिटून कडेवरून नजर मारली, शीट सरळ आहे का वाकलंय ते बघायला. मग बोटाच्या पेरानं कोपऱ्यापासून मधोमध वाजवत गेली. भरलेल्या जागी आवाज जड यायचा, पोकळ जागी डबडब वाजायचं. मी म्हटलं, "अगं, टरबूज मी पण असंच वाजवून घेते."

"आन् फसता का नाय?"

"फसते की!"

"मंग," ती म्हणाली. "नुसत्या वाजवण्यावर जायचं नाय." आणि अंगठ्याला थुंकी लावून वरच्या लालसर रंगावर घासला. अंगठा लाल झाला. "हा रंग चोपडलाय. चांगल्या लाकडाचा दिसावा म्हणून. चला, दुसरं दाखवा."

अतुल बिचारा रागावला नाही. उलट स्वतःच अंगठा घासून बघितला आणि डोकं खाजवलं. तिसऱ्या की चौथ्या थप्पीला तिचं थोडं मन बसलं होतं. पण वरचा पापुद्रा पातळ आहे म्हणून ती घुटमळत होती.

तेवढ्यात मागून मुंजाबाचा आवाज आला. "रत्ने, ह्यो बघ."

म्हातारा कोपऱ्यातल्या एका थप्पीपाशी उभा होता. जोडे काखेत धरून दोन्ही हातांनी वरच्या शीटचा कोपरा उचलत होता. उचलून सोडला, पुन्हा उचलला. मग त्यावर पंजा ठेवून जोरानं दाबला, जनावराच्या पाठीवर दाबावा तसा. "जड हाय," तो म्हणाला. "लई भरलाय. बाकीची समदी खपाटीला गेल्यात."

"तो माल कालच उतरलाय," अतुल म्हणाला. "अजून आम्ही पण नीट बघितला नाही."

रत्नमाला धावतच गेली. कड बघितली. थर बरे होते, फट नव्हती. रंग घासून बघितला, अंगठ्याला आला नाही. पेरानं वाजवलं, आवाज जड. तिचा चेहरा उजळला. मग तिनं वाकून शीटला गाल लावला आणि तशीच थांबली. मला आठवतंय, तिची एक भुवई वर गेली होती. ती म्हणाली, "आबा, जरा सबुरी..."

पण म्हाताऱ्याचा हात कमरेच्या बटव्यात गेला होता. चिमूटभर पिवळंधमक बाहेर आलं आणि त्यानं ते शीटवर दाबलं. "झालं," तो म्हणाला. "सौदा पक्का."

"आजोबा, हळदीचा डाग पडेल," अतुल घाबरला.

"हळद नव्हं. भंडारा हाय. देवाचा."

मला ह्यातलं काही कळलं नाही. रत्नमालानं नंतर सांगितलं. त्यांच्या घरात रीत आहे. बाजारात जनावर पसंत पडलं की घेणारा त्याला भंडारा लावतो. कळपातलं एक धरायचं आणि लावायचं, सगळ्या कळपाचा सौदा त्यावर ठरतो. एकदा लावला की ते जनावर लंगडं निघो, आंधळं निघो, परत करायचं नाही. मुंजाबानं उभ्या जन्मात लावलेला भंडारा मागं घेतला नव्हता.

रत्नमाला त्या पिवळ्या ठशाकडं बघत राहिली. मग बापाकडं बघितलं. म्हातारा मिशीला पीळ देत उभा होता, आणि मी सांगते, तो खूश होता. लेकीच्या करवतीकडं पाठ फिरवून बसलेला माणूस आज तिच्या लाकडाला स्वतःच्या देवाचा भंडारा लावत होता. ती म्हणाली, "बांधा भाऊ. हीच थप्पी द्या."

मी मनात म्हटलं, चला, बापलेकीची पसंती एक झाली. मला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर काम सुरू झालं. भंडाऱ्याचं शीट सगळ्यात वर होतं, म्हणून तेच आधी कापायला घेतलं. मी पापडाची डाळ निवडत तिथंच बसले होते. मशीन घरघरलं आणि लगेच थांबलं. रत्नमालानं खाली पडलेला भुसा उचलला, मुठीत दाबला, मूठ उघडली. भुशाचा लाडू झाला होता.

"काकू, एखादं जुनं पातेलं आहे का? उकळायला."

"चहा करू का?"

"प्लाय उकळायचाय."

आता माझ्या घरात आजवर पुष्कळ काही उकळलं, पण प्लाय उकळला नव्हता. मी मोरीतलं काळं पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं दिलं आणि बजावलं की माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही. तिनं हातभर तुकडा कापला. अर्धा पाण्यात टाकून गॅसवर ठेवला आणि उरलेली पट्टी गच्चीवर उन्हात टाकली. नानासाहेब दोन वेळा झाकण काढून बघून गेले. दुसऱ्यांदा विचारलं, "मीठ टाकलंय का?" मी झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं.

दुपार कलली तशी ती पातेलं घेऊन वर आली. तुकडा बाहेर काढला. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे त्याचे थर सुटले होते. उन्हातली पट्टी वाळत घातलेल्या पापडासारखी वाकली होती. ती दोन्ही हातांत दोन्ही तुकडे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काकू, हा माल मी लावणार नाय."

"म्हणजे?"

"चांगला प्लाय उकळला तरी थर सोडत नाय. हा ओला आहे आतून. कुठंतरी भिजलाय, डिंक सुटलाय. म्हणून जड लागला. वर सनमायका चढवला तर तुम्हाला वर्ष-दोन वर्षं कळायचं नाय. मंग एक दिवस दार हातात येईल."

हे ती मला स्वतःहून सांगत होती, लक्षात घ्या. मी काही विचारलं नव्हतं. मला तर सरळ आणि सुंदर दिसत होतं सगळं.

"मग परत कर जा! बिल आहे की!"

ती खालीच बसली. "भंडारा लागलाय."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "किचन माझं, बिल माझं आणि भंडारा तुझ्या बापाचा? आणि तुला काल कळलं नाही होय गं? गाल लावून बघत होतीस ना?"

"कळलं होतं," ती म्हणाली. "गार लागला होता. कोरडं लाकूड गालाला गार लागत नाय."

"मग मूग गिळून का बसलीस?"

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलंसुद्धा नाही तिनं. म्हणाली, "काकू, माझ्या बापानं माझ्या कामाला पहिल्यांदा हात लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. तो हात मी कसा पुसू?"

तिची बाजू मला कळत होती आणि माझा रागही जात नव्हता. ही पोर आता ओला प्लाय लावणार नाही आणि बापाला दुखवणारही नाही. म्हणजे हत्यारं गुंडाळून एक तारखेला पॅकिंगला जाणार, आणि मी दार नसलेल्या ओट्यापुढं उभी. मी असं सगळं मनात मांडत होते, तेवढ्यात नानासाहेब जिन्यातून म्हणाले, "ज्यानं लावला त्यालाच विचारा की."

वर्षाकाठी एखादं वाक्य कामाचं बोलतात, पण बोलतात.

मुंजाबा दुसऱ्या सकाळी आला. रत्नमालानं त्याला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. ज्या कामाला माणूस घाबरतो ते आधी उरकायचं असतं ना, तसं. तिनं तो पदर सुटलेला तुकडा बापाच्या हातात दिला आणि शेजारी वाकलेली पट्टी ठेवली.

"आबा, तुम्ही वजनावर गेलात," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी मेंढराला मीठ चारून पाणी पाजतात, म्हणजे ते भरलेलं दिसतं. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच शिकवलं. पोटाला हात लाव, पाणी डुचमळतंय का बघ, म्हणायचात. हा प्लाय पाणी प्यालाय, आबा."

म्हाताऱ्यानं तुकडा नाकाला लावला. एकेक थर अंगठ्यानं सोलून बघितला. मग पट्टी उचलून तिचा बाक बघितला. मी चहा पुढं केला तर त्यानं घेतला नाही.

"तुला तवाच कळलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मंग बोलली का नाय?"

"तुम्ही लई दिवसांनी आला व्हतात."

मुंजाबानं तोंड फिरवलं आणि गच्चीच्या कठड्याकडं गेला. पागोट्याच्या शेवानं काहीतरी पुसलं, नाक की डोळे ते मला दिसलं नाही. परत आला तेव्हा आवाज मोठा होता. "चल. दुकानात चल. बाई, तुमी बी चला."

दुकानात तो जोडे काढायला थांबला नाही. मालक गल्ल्यावर होता, अतुल होता, चार-सहा गिऱ्हाइकं फरशा बघत होती. म्हाताऱ्यानं त्या सगळ्यांसमोर ती वाकलेली पट्टी काउंटरवर ठेवली आणि बोलला, "ह्या मालाला भंडारा म्या लावला. माझी नजर चुकली. माझ्या पोरीला गालाला लावताच कळलं व्हतं, म्या तिला बोलू दिलं नाय. आजवर दिलेला शब्द मागं घेतला नव्हता, आज घेतो. ज्याला भंडारा लागलाय ते एक शीट माझं. ते मी नेतो, ते मी संभाळीन. बाकीची तुमची तुमी घ्या."

मी म्हाताऱ्याच्या शेजारी उभी होते. त्याचे दोन्ही हात पट्टीवर होते. ज्याच्या नजरेवर लोक जनावरं घेतात, त्यानं भरल्या दुकानात नजर चुकली म्हणायचं! रत्नमालानं पुढं होऊन त्याची घोंगडी सावरली. एवढंच तिला सुचलं असावं.

मालकानं पट्टी हातात घेऊन वाकवून बघितली आणि अतुलला कोपऱ्यातल्या त्या थप्पीतलं अजून एक शीट कापायला लावलं. तेही तसंच निघालं. "गाडी वाटेत भिजलेली दिसते," मालक म्हणाला. "अतुल, ती थप्पी बाजूला काढ, विकू नकोस. ह्यांना बदलून दे."

मग गोदामात पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळी मुंजाबा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागं बांधून उभा राहिला. एकदासुद्धा पुढं आला नाही. त्याला किती जड जात होतं ते त्याच्या पायाच्या बोटांवरून दिसत होतं, सारखी हलत होती. रत्नमालानं एकेक शीट काढायला लावलं. कड, नजर, पेर, अंगठा, गाल. चार काढली, तीन नाकारली. माझे पाय भरून आले. मी एका रंगाच्या डब्यावर बसून घेतलं. अतुल मात्र आता तिच्या आधीच गाल लावून बघायला लागला होता, आणि "ताई, हा कोरडा वाटतो का?" असं विचारत होता. "तुमची दाढी वाढलीय भाऊ, तुम्हाला कळायचं नाय," ती म्हणाली आणि गोदामातले हमालसुद्धा हसले.

शेवटी थप्पी जमली. तिनं हात झटकले. अतुलनं मुंजाबाकडं बघून विचारलं, "आजोबा, ते पिवळं? लावायचंय का ह्याला?"

मुंजाबा पुढं आला. कमरेचा बटवा सोडला. पण उघडला नाही, तसाच लेकीपुढं धरला.

"ज्याची नजर, त्याचा भंडारा," तो म्हणाला. "लाव."

त्यांच्यात बाई बाजारात भंडारा लावत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण रत्नमालाचा चेहरा बघून काहीतरी मोठं घडतंय हे कुणालाही कळलं असतं. तिनं बटवा घेतला. चिमूट काढली. आणि मग काय केलं असेल? चिमूट तशीच धरून, दुसऱ्या हाताच्या पेरानं शीट पुन्हा एकदा वाजवलं. मग लावला. म्हातारा खळखळून हसला. मी चिंचेच्या फोकासारखी बाई, मला सहसा रडू येत नाही, पण त्या डब्यावर बसून मी पदर डोळ्यांना लावला. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

भंडाऱ्याचं ते कापलेलं शीट मुंजाबा टेम्पोत घालून घेऊन गेला. पडेगावच्या शेतात कोकरांना वारा लागू नये म्हणून आडोसा केलाय म्हणे त्याचा. त्या कामाला वाकडं चालतं.

एक तारखेला सकाळी रत्नमालाचा फोन वाजला, तेव्हा ती माझ्या ओट्याखाली आडवी होऊन स्क्रू आवळत होती. मीच फोन तिच्या कानाला धरला. पलीकडून कुणीतरी बजाजनगरहून विचारत होतं, येताय ना? ती म्हणाली, "नाय येत. काम चालू आहे." आणि मला म्हणाली, "काकू, जरा बॅटरी इकडं धरा."

दारं बसली त्या दिवशी नेमकं पाणी आलं. काय तारांबळ! रत्नमाला, मी, नानासाहेब, सगळे बादल्या भरायला लागलो. मुंजाबा काम बघायला म्हणून आला होता. हॉलमधल्या खुर्चीवर ड्रिलची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, कुणीतरी पाय लावील म्हणून. तेवढ्यात इतके दिवस गावाला गेलेली शेजारची संध्या आत आली. नवी दारं उघडून-मिटून बघितली, खालून हात फिरवला, पेरानं वाजवूनसुद्धा बघितलं. आणि हॉलमध्ये त्या पिशवीकडं बघून म्हणाली, "काम फारच छान झालंय. आमच्याकडं कधी येता? मिस्त्री तुम्हीच ना?"

मी बादली खाली ठेवून तोंड उघडणार होते. पण म्हातारा आधी बोलला.

"न्हाय न्हाय," तो म्हणाला, आणि पिशवी सांभाळत खुर्चीवरून उठला. "मिस्त्री आत पाणी भरतीया. मी मिस्त्रीचा बाप."